वाघिणीतले काका

लहानपणी माझी अशी ठाम समजूत होती, की मालगाडीत वाघिणी असतात. आमचे आजोबा सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, आणि त्यात हटकून एखादी बातमी असे, की अमुक स्थानकात खताच्या वीस वाघिणी आल्या, तमुक ठिकाणी साखरेच्या तीस वाघिणी अडकून पडल्या. वीस वाघिणी! मी दोनतीनदा फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. तांबडे, मळकट डबे एकामागून एक खडखडत गेले, पण डरकाळी काही ऐकू आली नाही. शेवटी मी काकांना विचारले. काका पोट धरून हसले आणि म्हणाले, "अरे, काल रातभर मी वाघिणीच्या पोटातच झोपून आलो. तिनं मला खाल्लं नाही, तेवढं बघ."

इंग्रजी 'वॅगन'ची 'वाघीण' करणारा जो कोणी अनामिक मराठी माणूस असेल, त्याला भाषेचा अध्यापक या नात्याने मी आता मनोमन नमस्कार करतो. परका शब्द घरात घ्यायचा तर असा घ्यावा, नऊवारी नेसवून! पण त्या दिवशी मला शब्दापेक्षा काकांचेच नवल अधिक वाटले होते. वाघिणीच्या पोटात झोपून येणारा काका आमच्या वर्गात दुसऱ्या कोणालाही नव्हता.

आम्ही तेव्हा पूर्णेला राहत होतो. परभणी जिल्ह्यातले पूर्णा हे तसे लहानसे गाव, पण रेल्वेच्या नकाशावर त्याचा रुबाब मोठा. मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास झाली. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि गावाचे जंक्शन झाले. लोको शेड, यार्ड, रेल्वेच्या चाळी, कामाच्या पाळ्या. गावातले निम्मे संसार गाड्यांच्या वेळापत्रकावर चालत. कोणाच्या घरी बाळ जन्मले तरी वेळ सांगताना "मनमाड पॅसेंजर गेली अन् मग झालं" असे सांगत. आम्हा मुलांचा मुख्य खेळ म्हणजे फाटकावर बसून मालगाडीचे डबे मोजणे. मोजण्यात दोघांचे कधी जुळले नाही, आणि गाडी निघून गेल्यावर पुन्हा मोजण्याची सोय नसे, त्यामुळे भांडणाला संध्याकाळपर्यंत तोटा पडत नसे.

मालगाडी म्हणजे एकत्र कुटुंबातली धाकटी सून. कोणीही आले, की तिने बाजूला सरावे. लाइन एकेरी, एक्स्प्रेस आली, थांब, पॅसेंजर आली, थांब, समोरून दुसरी मालगाडी आली, तरी दोघींपैकी एकीने थांबायचेच. मिरखेलला, पिंगळीला, नाहीतर आउटर सिग्नलबाहेर भर उन्हात ती तासन् तास उभी असे. आणि गाडी जिथे उभी राहते तिथे माणूस चढतो, हा काही रेल्वेने केलेला नियम नव्हे, पण तो पाळला मात्र सर्वांत कसोशीने जाई. गार्डाच्या डब्यात त्याच्या मर्जीने गँगमनचे पाहुणे बसत, दुधाच्या कासंड्या घेतलेला एखादा गवळी बसे, आजारी करडू काखेत धरलेला धनगर बसे. परीक्षेला निघालेला आणि पॅसेंजर चुकलेला विद्यार्थी बसे. ज्यांच्यावर गार्डाची मर्जी नसे, ते वाघिणीत शिरत. काका या दुसऱ्या वर्गातले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नववीत असताना ते घरातून जे निघाले ते परत यायला दीड वर्षाने, आणि नंतर येतच राहिले व जातच राहिले. मनमाडला धान्याच्या गोदामात त्यांनी पोती वाहिली, मानवतला आणि सेलूला जिनिंगमध्ये कापूस उपसला, सिकंदराबादला हॉटेलात कपबशा विसळल्या, जालन्याला लोखंडाच्या भट्टीपाशी उभे राहिले. कामाला ते कधी चुकले नाहीत; मात्र चार महिन्यांवर एका जागी त्यांचे मन रमत नसे. एखाद्या रात्री मालगाडीच्या कपलिंगा ताणल्याचा आवाज आला, की संपले. तो आवाज ज्याने ऐकला असेल त्यालाच कळेल. इंजिन ओढ घेते आणि पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत खट्-खट्-खट् अशी एक लाट धावत जाते, जणू गाडी मणक्यामणक्याने आळस देते आहे.

दिवाळीला मात्र ते कुठेही असोत, पूर्णेला यायचे. नरकचतुर्दशीला पहाटे तीनलाच आजी बंब पेटवी. आम्हाला वाटे, आमच्यासाठी. खरे म्हणजे तिचा कान आउटरकडे असे. दूर मालगाडी थांबल्याचा आवाज आला, की ती वाटीत आणखी दोन चमचे उटणे कालवी. मग अर्ध्या तासाने परसदाराची कडी वाजे. काका अलीकडेच उतरून रुळाच्या कडेने चालत आलेले असत. अंगावर कोळशाची नाहीतर सिमेंटची पूड, खिशात माझ्यासाठी कुठल्यातरी गावची गोळी. आजी म्हणे, "आलं का रे लेकरू," आणि आधी पाठ चोळायला घेई. पहिले पाणी काळे जाई, दुसरे करडे, तिसऱ्याला काका दिसू लागत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर होते. ते या वेळी पुढच्या खोलीत पणत्यांची वात सारखी करत बसलेले असत. सारखी असलेलीच वात पुन्हा सारखी करीत. "तिकिटाला काय सोन्याची मोहर पडते?" एवढे एकच वाक्य दर दिवाळीला ते आजीला ऐकवीत, आणि काकांना मात्र, "केव्हा आलास?" एवढेच विचारीत. केव्हा आला हे साऱ्या आळीला ठाऊक असे.

एका भाऊबीजेला दुपारी अण्णा जेवून झोपले असता काकांनी मला डोळ्याने खूण केली. आम्ही यार्डाच्या टोकाला गेलो. परभणीकडे निघालेली रिकामी मालगाडी उभी होती. मला आधी वर्ग चालवल्यासारखे त्यांनी सगळे समजावून सांगितले, आणि मी आजवर ऐकलेल्या व्याख्यानांपैकी शब्दन् शब्द लक्षात राहिलेले ते एकच व्याख्यान. चालत्या गाडीला धरायचे तर डब्याची पुढची दांडी धरावी, मागची कधी धरू नये. पुढच्या दांडीवरून हात सुटला तर गाडी तुम्हाला डब्याच्या अंगावर आपटून बाहेर फेकते. मागच्या दांडीवरून सुटला, तर दोन डब्यांच्या मधे. बंद वाघिणीत शिरले तर दारात आधी दगड नाहीतर लाकडाचा ठोकळा अडकवावा. कोणी बाहेरून दार लावून सील ठोकले, तर मालाबरोबर तुम्हीही कुठल्यातरी साईडिंगला आठवडाभर पडून राहाल. लोखंडी नळ्या नाहीतर रूळ भरलेल्या डब्यात पुढच्या टोकाला बसू नये, ब्रेक लागला की माल सरकतो. उतरताना गाडी जाते तिकडेच तोंड करावे आणि पाय टेकताच चार पावले गाडीबरोबर पळावे. "आणि सगळ्यात मोठं म्हणजे," काका म्हणाले, "गाडी आपल्यासाठी थांबली नाही, हे ध्यानात ठेव. ती तिच्या कामानं थांबलीय."

गाडी उभीच होती, त्यामुळे या विद्येचा मला काही उपयोग करावा लागला नाही. त्यांनी मला उचलून उघड्या वाघिणीत ठेवले. तळाला कोळशाची भुकटी होती, आणि कडा माझ्या डोक्याहून उंच. वर फक्त आभाळ. गाडी हलली, आणि मला वाटले आभाळच निघाले. पॅसेंजरच्या खिडकीतून दिसते ते भिंतीवरच्या कॅलेंडरातले चित्र. इथे सगळे अंगावर येत होते. मग काकांनी खांद्यावर घेतले, तेव्हा शेते दिसली. कापूस फुटला होता, काळ्या रानात ज्वारीची पेरणी चालली होती, आणि तिफणीमागची एक बाई काम सोडून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला हात केला. तिनेही केला. राजाला प्रजेने केलेला मुजरा मी पुढे इतिहासाच्या पुस्तकात पुष्कळदा वाचला, पण तो कसा लागतो हे मला त्या दुपारीच कळले होते.

मिरखेलला गाडी क्रॉसिंगला थांबली, आम्ही उतरलो आणि रुळाच्या कडेने चालत दिवेलागणीला घरी आलो. आजीने माझा सदरा न बोलता भिजत घातला.

शाळेत पुढे इंग्रजीच्या पुस्तकात आम्हाला डब्ल्यू. एच. डेव्हिस नावाच्या कवीची, धावपळ सोडून जरा थांबून पाहावे अशा आशयाची, एक कविता होती. ती कोणाला पाठ नसेल असा माझ्या पिढीतला माणूस विरळा. मी प्राध्यापक झाल्यानंतर एकदा ग्रंथालयात त्याचे १९०८ सालचे आत्मचरित्र हाती आले; बर्नार्ड शॉची प्रस्तावना आहे म्हणून उचलले. तेव्हा कळले, की हा निवांतपणाचा कवी अमेरिकेत वर्षानुवर्षे मालगाड्यांतून चोरून हिंडलेला माणूस होता, आणि १८९९ साली कॅनडात एका चालत्या गाडीवर चढताना चाकाखाली सापडून त्याचा पाय गेला होता. पुढचे सारे आयुष्य त्याने लाकडी पायावर काढले. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. काकांचा पहिला धडा माझ्या कानात होता.

मग नादच लागला. जॅक लंडनचे १९०७ सालचे भटकंतीचे पुस्तक वाचले, नेल्स अँडरसन या समाजशास्त्रज्ञाचा १९२३ सालचा ग्रंथ वाचला. तो अँडरसन स्वतः गाड्यांवरून फिरलेला. अमेरिकेत या लोकांना 'होबो' म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती कोणालाच नक्की लावता आलेली नाही, पण अर्थ मात्र त्यांनी काटेकोर ठरवला आहे. होबो भटकतो, पण कामासाठी. ट्रॅम्प भटकतो, पण काम टाळतो. आणि 'बम' म्हणून जो तिसरा, तो कामही करत नाही आणि भटकतही नाही. गव्हाच्या कापणीला, फळांच्या तोडणीला, जंगलतोडीला, नव्या रुळांच्या कामाला हे होबो मालगाडीने जात आणि काम संपले की पुढे सरकत. १९३० नंतरच्या मंदीत तर घरातून बाहेर पडून मालगाड्यांवर फिरणाऱ्या नुसत्या किशोरवयीन मुलांचा अंदाज अडीच लाखांचा सांगतात. आयोवा राज्यात ब्रिट नावाचे गाव आहे. तिथे १९०० साली होबोंचा पहिला मेळा भरला, आणि पुढे तो प्रघातच पडून होबोंचा राजा नि राणी निवडली जाऊ लागली. त्या गावात त्यांची वेगळी दफनभूमीसुद्धा आहे. शिकागोमध्ये तर विसाव्या शतकाच्या आरंभी 'होबो कॉलेज' निघाले होते! तिथे हजेरी कशी घेत असतील, असा प्रश्न मला आमच्या वर्गातले रिकामे बाक पाहून पडतो.

हे वाचताना आधी मला हेवा वाटला आणि मग थोडा राग आला. तिकडच्या भटक्यांना राजा आहे, राणी आहे, ग्रंथकार आहेत. चार्ली चॅप्लिनने तो वेश घातला आणि तो जगाचा लाडका झाला, आमच्या राज कपूरने तो उसना घेतला आणि तो आमचाही झाला. काकांसाठी आमच्या घरात मात्र 'उंडगा' एवढा एकच शब्द होता. वास्तविक होबोच्या व्याख्येत ते काटेकोर बसत होते. पण मराठीत भटकणाऱ्या माणसाला जे शब्द आहेत ते पाहा: उंडगा, उडाणटप्पू, उनाड, भणंग. सगळे घरी बसलेल्या माणसांनी केलेले.

भटकण्याला आपल्याकडे मान नाही असे मात्र नव्हे. नरसीचे नामदेव पंजाबापर्यंत गेले. ती नरसी १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होती. आमच्या गंगाखेडची जनाबाई बालपणीच घर सोडून पंढरपूरला पोचली. नाशिकच्या सिंहस्थाला जाणारे बैरागी याच लाइनीवरून चिमटे वाजवत मनमाडकडे जात, आणि त्यांच्याकडे तिकीट मागायला टी. सी. धजत नसे. काकांनी एक कफनी शिवून घेतली असती, तर आळीतल्या बायका पायावर पाणी घालायला आल्या असत्या आणि अण्णांनी त्यांना पुढच्या दाराने घेतले असते. पण काका मिशा राखत, विडी ओढत, आणि देवळात शिरले तर सावली बघून शिरत. भगव्याचा आधार न घेता भटकणारा माणूस आपल्याला पचत नाही. त्याने निदान गरिबी तरी उघड दाखवावी, म्हणजे दया करता येते. काका दयेलाही जागा ठेवत नसत.

आता जे सांगायचे आहे ते मी फार वर्षे कोणाला सांगितले नव्हते.

१९९१ सालची गोष्ट. मी सहावीत होतो. परभणीला वक्तृत्वस्पर्धा होती, आणि आम्ही तिघे मुले शाळेच्या सरांबरोबर पूर्णेच्या फलाटावर पॅसेंजरची वाट पाहत उभे होतो. माझा विषय होता 'श्रमप्रतिष्ठा'. भाषण अण्णांनी लिहून दिले होते. त्या दिवशी स्टेशनात तपासणी चालली होती. टेबल मांडले होते, आणि विनातिकीट धरलेली दहाबारा माणसे भिंतीकडेला उकिडवी बसवली होती. बाजूला तिघे वेगळे बसवले होते. ते मालगाडीतून उतरवलेले. रेल्वेचा १९८९ सालचा कायदा आहे. त्याच्या १५६ व्या कलमाप्रमाणे टपावर, पायरीवर, इंजिनावर किंवा गाडीच्या जो भाग उतारूंसाठी नाही अशा कुठल्याही भागात बसून प्रवास केला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. कलमाचा आकडा अर्थात मला पुष्कळ पुढे कळला. त्या वेळी मला एवढेच दिसले, की त्या तिघांतले मधले काका होते. तोंडावर सिमेंटची पूड होती. दिवाळीला अजून महिना होता. ते अवेळी का आले होते, हे मला कधीच कळले नाही.

माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला, "अरे, हे तुझे काका ना?"

मी म्हणालो, "नाही."

मी हळू बोललो होतो, पण त्याच क्षणी पोलिसाने काकांना विचारले, "इथं कोणी ओळखीचं आहे का?" काकांनी मान वर केली. त्यांची नजर फलाटावरून फिरली. सरांवरून, माझ्या मित्रावरून, माझ्यावरून. माझ्यावर ती इतरांपेक्षा क्षणभरही जास्त थांबली नाही. मग ते पोलिसाला म्हणाले, "कोणी न्हाई साहेब."

पॅसेंजर आली. स्पर्धेत मला दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस म्हणून कंपासपेटी होती, ती मी बरीच वर्षे वापरली.

त्या साली दिवाळीला काका आले नाहीत. आजीने बंब पेटवला, उटणे जास्त कालवले आणि उजाडल्यावर ते उरलेले तुळशीच्या बुंध्याशी ओतले. पुढच्या दिवाळीला मात्र ते आले. पहाटे नव्हे, चांगले दिवसाढवळ्या, पॅसेंजरने, इस्त्रीचा सदरा घालून, हातात मिठाईचा पुडा, आणि पुढच्या दाराने. अण्णांनी खुर्ची दिली. काका खुर्चीच्या कडेवर बसले. जेवताना त्यांनी वाढून घ्यायला नको नको केले. आजीने पाठ चोळायला बोलावले, तर म्हणाले, "राहू दे माय, स्वच्छच आहे." जाताना त्यांनी मला ओट्यावर हाक मारली आणि खिशातून ते जाड पुठ्ठ्याचे लहानसे तिकीट काढून माझ्या हातावर ठेवले. मनमाड ते पूर्णा. "ठेव तुझ्याजवळ," म्हणाले. रागाने नाही, उपरोधाने नाही. गोळी द्यायचे तसेच दिले. मला वाटते, मी खूश व्हावे अशीच त्यांची इच्छा होती.

त्यानंतर ते आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. अण्णांनी दोनदा मनमाडला जाऊन चौकशी केली, एकदा जालन्याला. नव्वदीच्या दशकातच रूळ रुंद झाले. मीटरगेजच्या गाड्या गेल्या, लोको शेड ओस पडली, आणि पूर्णेचा रुबाब उतरला. नव्या मालगाड्या लांबलचक आणि वेगवान. आता तर डोक्यावर विजेची पंचवीस हजार व्होल्टची तार आली आहे. चढायचे म्हटले तरी कोणाला चढता येणार नाही. गार्डालाही २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. त्याच्याकडे करडू घेऊन कोण जाईल? आजी मात्र शेवटच्या दिवाळीपर्यंत तीनला उठत होती. मोठ्या गाड्यांचा आवाज वेगळा आहे, आता काही उमगत नाही, अशी तिची तक्रार असे.

मी परभणीला नोकरीला लागलो, अण्णा माझ्याकडे आले. आमचे घर रुळांपासून फार लांब नाही. २०२० च्या मार्चअखेर सगळ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि आयुष्यात प्रथमच रात्री फक्त मालगाड्या ऐकू येऊ लागल्या. धाकट्या सुनेला घर मोकळे मिळाले होते; ती कुठे थांबत नव्हती. अण्णांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे. ते गच्चीत खुर्ची टाकून बसत आणि ऐकत.

८ मेच्या सकाळी ती बातमी आली. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले वीस मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने, थकून, बदनापूर आणि करमाडच्या मधे ते रुळांवरच टेकले आणि झोपी गेले. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला मालगाडी आली. चालकाने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, पण सोळा माणसे गेली. रुळांमधे विखुरलेल्या त्यांच्या पोळ्या दिवसभर दूरदर्शनवर दिसत होत्या. ती गाडी तेलाच्या रिकाम्या टाक्यांची होती, हैदराबादजवळच्या चेर्लापल्लीहून मनमाडच्या बाजूला निघालेली. म्हणजे मध्यरात्रीनंतर केव्हातरी ती आमच्या घरावरूनच गेली असणार. आम्ही दोघेही त्या रात्री जागे होतो.

संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. गच्चीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कशी कोण जाणे, माझ्या तोंडून फलाटावरची ती हकीकत निघाली. मित्राचा प्रश्न, माझे 'नाही', काकांचे 'कोणी न्हाई'. एकोणतीस वर्षांनी. मला वाटले, अण्णा रागावतील, किंवा लहान होतास म्हणून समजूत घालतील.

अण्णा म्हणाले, "तुला त्यानं वाचवलं. मला नाही वाचवलं."

मला अर्थ कळेना.

"त्याच दिवशी रात्री पोलीस घरी आला होता. तू झोपला होतास. कागदावर माझं नाव होतं, शाळेचं नाव होतं. दंड भरायला कोणी आहे का म्हणून त्यानं शेवटी माझं नाव दिलं असणार. पोलीस भला माणूस होता. म्हणाला, मास्तर, एवढे पैसे भरा आणि सोडवून आणा. आई आत होती." अण्णा थांबले. "मी म्हटलं, या नावाचा आमच्याकडं कोणी नाही."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ होते तरी काय?

"ते तिकीट आहे का अजून तुझ्याकडं?"

"आहे. मोल्सवर्थच्या कोशात ठेवलंय."

"तो तिकीट काढून आला ना," अण्णा म्हणाले, "तेव्हाच मला कळलं होतं."

पिंगळीच्या बाजूने प्रकाश आला. मालगाडी होती. आम्ही दोघेही कठड्याशी उभे राहिलो. डबे बंद, एकसारखे, अंधारात नुसते एकामागून एक काळे तुकडे सरकत होते, आणि गाडी कुठेही न थांबता जालन्याकडे निघून गेली. शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा दिसेनासा झाल्यावर अण्णांनी विचारले, "किती झाले?"

"एकेचाळीस."

"बेचाळीस," अण्णा म्हणाले.